बंदची खूण

आमच्या घरात पाण्याच्या माठावर पहारा असायचा आणि पहारेकरी मी होते. माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. पोटात गेलेलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद, म्हणून दिवसभरात त्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. चहा, गोळीबरोबरचा घोट, वरणातलं पाणी, सगळं त्यातच धरायचं. मी एका बाटलीवर मापाच्या रेघा ओढल्या होत्या. सकाळी ती भरायची आणि निजेपर्यंत पुरवायची. सुरतेचा उन्हाळा आणि पत्र्याची खोली, पण बाटली संपली की संपली. माझ्यापाशी दयामाया नव्हती.

आबा चोरी करायचे. जेवल्यावर मोरीपाशी गुळण्या करायला बसायचे आणि चारांतली एक गुळणी गिळायचे. मी दारात उभी राहून त्यांच्या गळ्याकडे बघत असे. घाटी वरखाली झाली रे झाली की ओरडायची, "आबा!" ते दचकून उरलेलं पाणी थुंकायचे. माय चुलीपासून म्हणायची, "दोन घोट पिधात तं काय आभाय पडस का?" मग मी मायवरही ओरडायची. मी तेव्हा कॉलेजात होते, घरात शिकलेली एकटीच, आणि शिकलेल्या पोरीला घरात फौजदार व्हायला वेळ लागत नाही.

आबा खानदेशातून सुरतेला आले ते लूमवर. पॉवरलूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. आमचं घर गोडादऱ्याला, खातं चालत वीस मिनिटांवर. लहानपणी शाळा सुटली की आबांचा डबा घेऊन मी जायची. दारात पाऊल टाकलं की आवाज अंगावर यायचा. धोटे इकडून तिकडे आपटताहेत, पट्टे फिरताहेत, पायाखालची फरशी थरथरतेय. कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द कळत नसे. म्हणून तिथले कारागीर हातांनी बोलतात आणि ओठ वाचतात. आमच्या खात्यात खानदेशी होते, ओडिया होते, उत्तरेकडचे भैये होते, शेठ गुजराती. आबा सगळ्यांचे ओठ वाचायचे. वीस-बावीस वर्षांत त्यांचे कान जवळजवळ गेले, पण समोरच्याचं तोंड दिसत असेल तर त्यांना काही विचारावं लागत नसे.

खुणा मी डब्याबरोबर शिकले. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. अंगठा तोंडाला लावला की पाणी. एका हाताची मूठ आणि तिच्यावर दुसऱ्या हाताचा तळवा आडवा दाबला की बंद कर. आबांच्या शेजारच्या मशीनवर एक काका होते, त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. त्यांचा हात आत अडकला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा अडकलेल्या मनगटावरच आडवा दाबून पलीकडच्या नव्या माणसाला बंदची खूण केली होती. त्या माणसाने आधी हातानेच विचारलं, काय झालं म्हणून. तेवढ्यात दोन बोटं गेली. आबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी आठ वर्षांची असेन. "बंदनी खूण दिखनी का पहिले बंद करानं," ते म्हणाले, "मंग इचारानं. ज्यानी मशीन त्यानी मरजी." खात्यात बाकी शंभर भानगडी चालत. हा कायदा मात्र कुणी मोडत नसे.

प्लेगच्या वर्षी सगळं सुरत पळालं तसे आम्हीही गावी पळालो. तिथे आबांचे पाय सुजले. आम्हाला वाटलं, उभ्याने प्रवास झाला म्हणून. परत आल्यावर चेहरा सुजला, मग धाप लागायला लागली, आणि तपासण्या होईपर्यंत मूत्रपिंडं कामातून गेलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी डाव्या हाताची शीर आणि धमनी जोडून एक जाड नस तयार केली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आतून थरथर लागायची. आबा येईल त्याला ती दाखवायचे. "देख, मोटर चालू शे," म्हणायचे.

दवाखान्यात मी त्यांची दुभाषी. डॉक्टर गुजराती बोलायचे, तेही फाइलीत मान घालून. ओठ दिसत नसत, त्यामुळे आबांना काही कळत नसे, आणि मग मी आबांकडे तोंड करून अहिराणीत सांगायची. सांगताना थोडं छाटायची. डॉक्टर दहा वाक्यं बोलले तर मी चार सांगायची, आणि त्या चारांत वाईट असं एकही नसायचं. याची मला कधी लाज वाटली नाही. घरातल्या माणसाला कुणी सगळं जसंच्या तसं सांगतं का?

वर्ष-दीड वर्ष असं निभलं. मग डायलिसिस चालू असताना आबा बेशुद्ध पडायला लागले. तासभर झाला की घाम फुटायचा, डोळे फिरायचे, आणि मशीन मधेच थांबवायला लागायचं. अर्धं पाणी अंगातच राही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि हृदयाचा फोटो काढायला पाठवलं. त्यात निघालं की हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप दगडासारखी कडक झालीय. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाच्या अंगात चुना जिथे साचू नये तिथे साचतो, म्हणाले. झडप पुरती उघडत नाही, म्हणून डायलिसिस सोसत नाही. आणि डायलिसिस नाही झालं तर पुढे काय होणार, हे सांगायला कुणा डॉक्टरची गरज नव्हती.

उपाय होता. झडप बदलायची. प्राण्याच्या ऊतींची बसवली तर ती अशा रोग्यात लवकर पुन्हा कडक होते, म्हणून धातूची. पण धातूवर रक्त गोठतं, म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. डायलिसिसलाही रक्त पातळ करायचं औषध लागतंच, म्हणजे दोन्हीकडून रक्तस्रावाची भीती. ऑपरेशनसाठी मुंबईहून सर्जन यायचे. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून म्हणाले, बेन, असे पेशंट कधी कधी टेबलावरून उठतच नाहीत. उठले तरी पुढचं सोपं नसतं. नीट विचार करा.

आबा कॉटवर बसून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे वळून सांगितलं की झडप बदलली की चक्कर येणार नाही, थोडा धोका आहे.

आबांनी डाव्या हाताच्या नसेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "जुनी मशीनमा नवा गियर टाका का तो बाकीनास्ना दात खाई टाकस."

आता मी जाणते की ऑपरेशनबद्दल याहून शहाणं वाक्य त्या दवाखान्यात कुणी बोललं नव्हतं. तेव्हा मात्र मी चिडले. म्हटलं, तुम्ही काय मशीन आहात का? मी त्यांना ऐकवलं की मायकडे बघा, माझ्याकडे बघा. नको ते सगळं बोलले. भांडणात मी कुणाला हार जात नाही, ही माझी ख्याती अख्ख्या गल्लीत होती. शेवटी त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, "बरं माय, तू म्हनशी तसं." पैशांचं कसं जमलं ते लिहीत नाही. जमलं. संमतीच्या कागदावर मायने अंगठा उमटवला. कागद गुजरातीत होता. तो मी तिला वाचून दाखवला, आणि तिथेही छाटला.

फाल्गुनात ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी डायलिसिस करून आबांना कोरडं करून घेतलं. पहाटे आत नेताना ते मला म्हणाले, "आज तं पानी देवाव नईच तू." मी हसले. टेबलावरून ते उठले, म्हणजे जिवंत बाहेर आले. पण संध्याकाळी छातीतल्या नळ्यांतून रक्त थांबेना म्हणून पुन्हा आत नेलं आणि छाती पुन्हा उघडली. दुसऱ्या दिवशी डायलिसिस, त्यात रक्तदाब कोसळला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोंडात श्वासाची नळी, नाकात नळी, मानेत सुया. चौथ्या दिवशी दुपारी मला दोन मिनिटांसाठी आत सोडलं. हिरवा झगा घातला, तोंडाला कापडी मास्क बांधला.

आबा जागे होते. सिस्टर त्यांचं अंग पुसत होती, त्यासाठी तिने, नळ्या उपसू नयेत म्हणून बांधलेले हात सोडले होते. त्यांनी मला ओळखलं. मी मास्कमधून काहीबाही बोलत होते, की आता बरं आहे, की माय बाहेर आहे. त्यांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं आणि ओठ झाकलेले. त्यांनी हळूहळू डावी मूठ वळली. सुजलेली बोटं नीट मिटत नव्हती. उजवा हात उचलला, वायरींसकट, आणि तळवा मुठीवर आडवा ठेवून दाबला.

माझ्याकडे बघत त्यांनी ते तीनदा केलं. लूमवर एकदाच करतात.

मूत्रपिंडाचे डॉक्टर राउंडला आले होते. त्यांनीही हात पाहिले. खूण त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. "बेन, काका शुं कहे छे?" काका काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं.

मी मास्कमधूनच काहीतरी पुटपुटले. मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही, त्यांनी हात कानाशी नेला. म्हणून मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि मोठ्याने म्हणाले, "पाणी मागे छे."

पाणी म्हणायला मला क्षणभरही वेळ लागला नाही. पाण्याला नाही म्हणायची इतक्या दिवसांची सवय होती ना. डॉक्टर म्हणाले, पाणी आत्ता देता येणार नाही, आणि सिस्टरला ओठ ओले करायला सांगितले. तिने ओला बोळा आबांच्या ओठांना लावला. तेव्हा कुठे मी आबांकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. उघड्या तोंडाकडे. जन्मभर ओठ वाचून पोट भरलेला माणूस हातभर अंतरावर निजलेला होता, आणि मी मास्क खाली ओढून, सावकाश, स्पष्ट खोटं बोलले होते. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. बोळ्यातलं पाणी गालावरून खाली गेलं.

मी बाहेर येऊन मायला सांगितलं की बरे आहेत, पाणी मागत होते. ती रडली. भेटायच्या वेळेला शेजारच्या मशीनवाले काका आले. मी त्यांना म्हटलं, आज कुणालाच सोडत नाहीत. सोडत होते. पण त्यांनी ती खूण पाहिली असती तर एका क्षणात ओळखली असती आणि तीन बोटांचा तो माणूस मला तिथेच विचारता झाला असता. ते बाकावर थोडं बसून परत गेले. दुसऱ्या दिवशीही मी त्यांना तसंच परत पाठवलं.

आठव्या दिवशी नळी निघाली. तीन आठवड्यांनी आबा घरी आले. सगळी गल्ली बघायला लोटली. सगळे म्हणाले, पोरीने बापाला यमाच्या दारातून ओढून आणला. मी ते ऐकून घेतलं.

घर शांत झालं की आबांच्या छातीतून आवाज यायचा. टिक, टिक, टिक, धातूची पाकळी मिटल्याचा बारीक आवाज. आमच्या भागात चहूकडे लूम, त्यामुळे एरवी तो बुडून जायचा, पण खात्यांच्या सुट्टीच्या दिवशी चुलीपर्यंत ऐकू यायचा. मायने भिंतीवरचं घड्याळ बंद करून ठेवलं. दोघांचा ठेका जमत नाही, डोकं उठतं, म्हणाली. "यास्ले घड्याळ बसाडी दिधं," ती शेजारणींना सांगायची. आबांना एकट्यालाच तो आवाज येत नव्हता. एकदा त्यांनी मायला विचारलं, कसा येतो. मायने त्यांच्या तळहातावर बोटाने टकटक करून दाखवलं. ते लक्ष देऊन बघत राहिले.

चक्कर यायची थांबली होती, हे खरं. तेवढा माझा शब्द खरा झाला. पण गोळ्यांनी रक्त इतकं पातळ झालं होतं की डायलिसिसच्या सुया काढल्यावर हातातून रक्त थांबायला तास तास लागायचा. मी कापसाचा बोळा अंगठ्याने दाबून बसायची. सकाळी उशीवर नाकातलं रक्त दिसायचं. दाढी करताना कापलं तर दिवस जायचा. त्यात मेथी, पालक बंद, कारण पालेभाजीने गोळीचा हिशेब बिघडतो. आबांना मेथीची भाजी आणि कळण्याची भाकर याच्यापुढे पक्वान्न नव्हतं. ते ताटाकडे बघायचे आणि काही न बोलता जेवायचे. कामावर जाणं तर संपलंच होतं.

पण मला लागलं ते वेगळंच. आबा माझ्याशी हातांनी बोलेनासे झाले. आमच्या घरात निम्मं बोलणं हातांनीच चालायचं. मीठ दे, दार लाव, कोण आलंय, सगळं. मायशी ते अजूनही तसं बोलायचे. मी समोर गेले की हात मांडीवर ठेवायचे आणि तोंडाने बोलायचे, पाहुण्याशी बोलावं तसं. पाणीसुद्धा तोंडाने मागायचे. चोरून गिळणंही त्यांनी सोडून दिलं. दिलेल्या मापात ते गुमान राहायचे, आणि मी मोरीच्या दारात उगीचच उभी असायची.

श्रावणात कानबाई आली. आम्हा खानदेशी लोकांचा हा मोठा सण. गाव सोडून इथे आलेल्यांनीही तो सोडलेला नाही. रविवारी नारळाची कानबाई मांडतात, दागिने घालतात, पुरणाचे रोट करतात, आणि सोमवारी डोक्यावर घेऊन वाजत गाजत तापीत बोळवायला जातात. त्या सोमवारी खाती बंद होती, कारण खानदेशी कारागीर सगळे मिरवणुकीत. माय गेली, गल्ली गेली. घरात आबा आणि मी. इतकी शांतता गोडादऱ्यात वर्षातून एकदाच होते. टिकटिक अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

आबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "तुले समजनं व्हतं ना?"

कशाबद्दल, हे मी विचारलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, "हो."

"माले वाटनंच." मग थोडं थांबून म्हणाले, "खातामा तुले कोनी एक दिन बी ठेवाव नई." आणि हसले. हसल्यावर छातीची शिवण दुखायची, म्हणून हात छातीवर ठेवून हसले.

मला रडू येत होतं, पण आधी राग आला. माझं असंच आहे. मी म्हटलं, बंद केलं असतं तर आज कानबाई कुणी पाहिली असती? कालचा रोटाचा तुकडा कुणी खाल्ला असता?

त्यांनी त्याचा खरोखर विचार केला. आबा वाद घालताना समोरच्याचं म्हणणं तोलून बघायचे, मी कधीच बघत नसे. "ते बी खरं शे," म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पन मशीन मनी व्हती, माय."

मशीन त्यांची होती, मरजीही त्यांची. तापीवरून लोक परत यायला लागले होते, ताशाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला होता. माय ओल्या पायांनी घरात आली आणि तिने आम्हा दोघांच्या हातावर प्रसाद ठेवला. आबांच्या वाट्याचा मी अर्धा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढत होते तेव्हा आबांनी माझ्याकडे बघून अंगठा तोंडाला लावला. इतक्या महिन्यांनी. मी केरसुणी टाकली आणि धावत जाऊन पाणी आणलं. बाटलीतूनच आणलं, रेघ बघून. मी तरी काय सुधारणार होते!

गणपती बसले त्याच आठवड्यात आबा चहा पिताना एका बाजूला कलले. कप हातातून पडला. दवाखान्यात सांगितलं, डोक्यात रक्तस्राव झालाय. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे उघडे होते आणि मायला बघून त्यांत पाणी यायचं, म्हणजे कळत असावं. उजवा हात चादरीवर पडलेला. डावा नुसता थरथरायचा, मोटर चालूच होती.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत होती. रक्त पातळ ठेवावं तर डोक्यात आणखी रक्त जाणार, न ठेवावं तर झडप गोठणार. डायलिसिस त्या औषधाशिवाय करून बघता येईल, पण त्यात ते किती टिकतील याची खात्री नाही. उद्याचा वार डायलिसिसचा. करायचं का? डॉक्टर आता फाइलीत बघत नव्हते. "काका तो कंई कही शके तेम नथी," ते म्हणाले. "तमे शुं कहो छो?" काका तर बोलू शकत नाहीत, तुम्ही काय म्हणता?

मी म्हटलं, मी कॉटपाशी जाऊन सांगते. डॉक्टर मागोमाग आले. माय उशाशी होती. मी आबांच्या समोर उभी राहिले, उजेड तोंडावर येईल अशी. तोंडाला मास्क नव्हता, तरी मी सवयीने हनुवटीशी हात नेला. डॉक्टरांकडे न बघता, आबांकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "काका बंद करवानुं कहे छे."

"क्यारे कह्युं?" मागून डॉक्टरांनी विचारलं. कधी सांगितलं?

"फागणमां," मी म्हटलं. मग मायसाठी तेच अहिराणीत सांगितलं, या वेळी काही न छाटता. चौथ्या दिवसाचं, खुणेचं, पाण्याचं, सगळं. मायने माझ्या पाठीत एक धपाटा मारला आणि मग तोच हात तिथे ठेवून रडत राहिली. आबा माझ्या ओठांकडे बघत होते, शब्द संपेपर्यंत. मान त्यांनी भिंतीकडे वळवली नाही. त्यांना सगळं कळलं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

आम्ही त्यांना घरी आणलं. शेजारच्या मशीनवाल्या काकांना मी स्वतः बोलवायला गेले. ते आले आणि आबांच्या डाव्या हातावर आपली तीन बोटं ठेवून दुपारभर बसून राहिले.

बाटली मी मोरीच्या फळीवरून काढून टाकली. आता माप कशाला? डॉक्टरांनी सांगितलं होतं, थेंब थेंब द्या, ठसका लागू देऊ नका. मी माठ उचलून आबांच्या उशाशी आणून ठेवला. गल्लीतले लूम चालू होते, भिंती थरथरत होत्या, छातीतली टिकटिक त्यात बुडाली होती. मी चमच्याच्या टोकाने पाणी त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात सोडलं आणि गळ्याकडे बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग घाटी वर गेली आणि खाली आली.

मी दुसरा चमचा भरला.